ऑफिसर व्हायचंय, मग पदवी कोणती घ्यायची?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एक ठराविक बैठक होते. अब्बा, अम्मी, एखादा मामू, शेजारचे दोन शहाणे आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला मुलगा. परवा अशाच एका बैठकीला मी होतो. आपाच्या धाकट्या मुलाला फौजेत अधिकारी व्हायचंय. दुल्हाभाई म्हणाले, "इंजिनीअरिंगला टाकू. फौजेत नाही लागला तर नोकरी तरी लागेल." शेजारचे म्हणाले, "बीए कर, सोपं असतं." मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "मामू, फौजेला नेमकी कुठली पदवी लागते?"

त्या खोलीत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी सरळ विचारला होता.

त्या दिवशी मी जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा घोळ फक्त आमच्या घरातला नाही. एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. आपल्या मोहल्ल्यांत 'फौजेत भरती' म्हणजे मैदानावर धावून जवान म्हणून लागणं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. आता तिथे अग्निवीर योजना आहे, चार वर्षांची. ते काम मानाचंच आहे, पण अधिकारी होण्याचा रस्ता वेगळा आहे. लेफ्टनंटच्या हुद्द्याने सुरुवात होते. त्यासाठी लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी मुलाखत, मग मेडिकल आणि शेवटी अकादमीतलं प्रशिक्षण. या परीक्षांत धर्माचं, जातीचं कसलंही आरक्षण नाही आणि कुणाची शिफारसही चालत नाही. 'आपल्याला कोण घेतंय' म्हणून अर्जच न भरणारी मुलं मी पाहिली आहेत. न भरलेल्या अर्जाला नकार द्यायला कुणी लागत नाही.

फौज काय मागते?

पदवीनंतरचा सगळ्यात रुळलेला रस्ता म्हणजे सीडीएस, कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा. यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी म्हणजे आयएमए आणि चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी म्हणजे ओटीए, या दोन्हींसाठी अट एकच: मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी. होय, कोणतीही. बीए उर्दू चालते, बीकॉम चालते, बीएस्सी चालते. नौदल अकादमीला मात्र इंजिनीअरिंगची पदवी लागते. हवाई दल अकादमीला कोणतीही पदवी चालते, पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असायला हवं.

या शेवटच्या वाक्यावर पालकांनी जरा थांबावं. विमान उडवायचं स्वप्न असेल तर खरा निर्णय पदवीच्या वेळी होतच नाही, तो दहावीनंतर होतो. अकरावीला आर्ट्स घेतलेल्या मुलासाठी वैमानिकाचा दरवाजा तिथेच बंद होतो आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. हवाई दलाच्या एएफकॅट परीक्षेतही फ्लाइंग शाखेला बारावीला गणित-भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के आणि पदवीला ६० टक्के लागतात. जमिनीवरच्या प्रशासन, लॉजिस्टिक्स अशा शाखांना कोणतीही पदवी चालते, पण ६० टक्के तिथेही लागतात. हिशेब शाखेला कॉमर्सवाल्यांची गरज असते, आणि ही गोष्ट बीकॉम करणाऱ्या आपल्या शेकडो मुलांना कुणी सांगितलेलीच नसते.

सीडीएसची लेखी परीक्षा इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित अशा तीन पेपरांची, प्रत्येकी १०० गुण आणि दोन तास. गणित दहावीच्या पातळीचं असतं. ओटीएसाठी तर गणिताचा पेपरच नाही, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. सामान्य ज्ञानाचा पेपर हिंदीतही छापलेला असतो. आता विचार करा, या परीक्षेत पदवीच्या विषयाला म्हणून कुठे गुण आहेत? कुठेच नाहीत. अवघड विषय घेतला म्हणून एक गुण जास्त मिळत नाही.

दुसरा रस्ता एनसीसीचा. कॉलेजात एनसीसी करून 'सी' सर्टिफिकेट किमान 'बी' ग्रेडने मिळवलं आणि पदवीला ५० टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाता येतं. जागा मोजक्या असतात, पण लेखीचा अडथळा नसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे लेखीत तीनदा अडकलेल्याला विचारा. शिवाय सीडीएसमधून आयएमएला जाणाऱ्यांतही 'सी' सर्टिफिकेटवाल्यांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात.

बाकीचे रस्ते थोडक्यात. वकिलीची पदवी ५५ टक्क्यांनी घेतली तर लष्कराच्या कायदा विभागात, म्हणजे जॅग शाखेत जाता येतं; त्यासाठी आता क्लॅट पीजीचे गुणही लागतात. डॉक्टर व्हायचं असेल तर पुण्याचं एएफएमसी आहे, नीटमधून. आणि बारावीनंतर लगेच एनडीए आहेच. खडकवासल्याला तीन वर्षं काढली की पदवीही तिथेच मिळते, जेएनयूची. ज्याचं वय अजून साडेएकोणीसच्या आत आहे त्याने आधी तो प्रयत्न करावा. हा लेख एनडीए हुकलेल्यांसाठी किंवा उशिरा जाग आलेल्यांसाठी आहे, आणि आपल्याकडे तेच जास्त असतात.

झेपणारा विषय म्हणजे काय?

शेजारचे 'सोपं' म्हणतात, मी 'झेपणारं' म्हणतो. दोन्हींत फरक आहे.

अधिकारी व्हायचं असलेल्या मुलाचा दिवस मांडून बघा. पहाटे तासभर धावणं आणि व्यायाम. सकाळी वर्तमानपत्र, त्यातही एक इंग्रजी. आठवड्यातून दोनदा एनसीसीची परेड. संध्याकाळी तासभर इंग्रजी आणि दहावीचं गणित. कधी कॉलेजची वादविवाद स्पर्धा, कधी फुटबॉल किंवा व्हॉलीबॉल, कारण एसएसबीत गटात खेळणारा आणि बोलणारा माणूस लगेच ओळखू येतो. वर्षातून एनसीसीचा दहा-दहा दिवसांचा कॅम्प. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी निवड व्हायला लागली तर एकामागून एक कॅम्पच कॅम्प. या सगळ्यातून जो वेळ उरतो, त्यात ज्या विषयाचा अभ्यास होऊन ६० टक्क्यांच्या वर गुण पडतात आणि एकही केटी लागत नाही, तो त्या मुलासाठी झेपणारा विषय. एकासाठी तो भौतिकशास्त्र असेल, दुसऱ्यासाठी राज्यशास्त्र.

साठ टक्के हा आकडा मी उगाच घेत नाहीये. एएफकॅटचा दरवाजा साठला उघडतो. पंचावन्नवर जॅग. पन्नासवर एनसीसी एंट्री. साठच्या वर राहिलात तर हे सगळे दरवाजे उघडे राहतात आणि एका परीक्षेवर आयुष्य टांगणीला लागत नाही.

केटीचं दुखणं वेगळं आहे. शेवटच्या वर्षाला असताना सीडीएसचा अर्ज भरता येतो, ही चांगली सोय आहे. पण पदवी पूर्ण झाल्याचा पुरावा ठरलेल्या तारखेच्या आत द्यावा लागतो. त्या तारखेला तुमचा एक पेपर अडकलेला असेल तर एसएसबीत निवड होऊनही जागा जाते. आणि आपल्याकडे निकाल वेळेवर लागतीलच याची हमी कोण देणार?

इथे आपाच्या थोरल्याची गोष्ट सांगावी लागेल. तोही याच बैठकीतून गेला होता, सात-आठ वर्षांपूर्वी. तेव्हा दुल्हाभाईंचं ऐकलं गेलं आणि त्यात माझीही मान डोलली होती, हे कबूल करतो. मुलगा हुशार होता, धावण्यात जिल्ह्यापर्यंत गेलेला, पण गणिताशी त्याचं कधी जमलं नाही. एका अभियांत्रिकी कॉलेजात प्रवेश घेतला. पहिल्याच सेमिस्टरला गणिताची केटी. मग सबमिशन, प्रॅक्टिकल, पुन्हा केटी. एनसीसी दुसऱ्या वर्षी सुटली कारण परेडच्या वेळी लॅब असायची. धावणं सुटलं कारण रात्री दोनपर्यंत जर्नल लिहायची. एक वर्ष वाया गेलं. पदवी हातात आली तेव्हा तेविसावं सरत आलं होतं आणि गुण त्रेपन्न टक्के. सीडीएसचे दोन प्रयत्न उरले होते. त्यातल्या एकात लेखी निघाली, पण भोपाळला एसएसबीच्या पहिल्याच दिवशी परत पाठवलं. आज तो पुण्यात एका कंपनीत आहे, पगार बरा आहे, कुणाला दोष देत नाही. फक्त २६ जानेवारीची परेड टीव्हीवर लागली की उठून बाहेर जातो.

वयाचं गणित

पदवी निवडताना कुणीच करत नाही असा हिशेब म्हणजे वयाचा. आयएमएसाठी प्रशिक्षण सुरू होताना वय १९ ते २४ च्या मध्ये लागतं, ओटीएला २५ पर्यंत, हवाई दलाच्या फ्लाइंगला २० ते २४. परीक्षा प्रशिक्षणाच्या आठ-दहा महिने आधी होते, म्हणजे प्रत्यक्षात तेविसाव्या वर्षाच्या आसपास आयएमएसाठीची शेवटची परीक्षा.

अठराव्या वर्षी बारावी झाली आणि तीन वर्षांची पदवी घेतली, तर शेवटच्या वर्षापासून धरून पाच-सहा प्रयत्न मिळतात. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगमध्ये एकही वर्ष वाया न जाता तीन-चार. एक वर्ष गेलं तर एक किंवा दोन. पहिल्या झटक्यात एसएसबी निघणं कमीच जणांना जमतं; बरेच अधिकारी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या प्रयत्नात निघालेले असतात. त्यामुळे प्रयत्न किती उरतात याला फार किंमत आहे.

नवीन शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांची झाली म्हणून काही पालक घाबरलेत. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय त्यात आहे आणि सीडीएसला ती पुरते. चौथं वर्ष ऑनर्ससाठी. तेही करावं, पण प्रयत्न चालू ठेवून. याच धोरणामुळे आता कॉलेजात 'मेजर' विषय आणि 'मायनर' विषय निवडायचे असतात. आमच्या बैठकीत यावरून हसू झालं. आपा म्हणाली, "म्हणजे पहिल्याच वर्षी मेजर होतो का हा?" नाही, आपा. त्या मेजरला कमिशननंतर सहा वर्षं लागतात.

एक बारीक गोष्ट: आता गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीए असतो आणि अर्जात टक्के मागतात. विद्यापीठाचा टक्के काढण्याचा नियम असतो, त्याचं पत्र कॉलेजातून आधीच घेऊन ठेवा. ऐनवेळी धावपळ होते.

मग विषय कोणता?

आर्ट्समध्ये राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल यांचा फायदा सरळ आहे. सीडीएसच्या सामान्य ज्ञानाच्या पेपरात राज्यघटना, इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था हेच येतं. म्हणजे कॉलेजचा अभ्यास आणि स्पर्धेचा अभ्यास एकाच पाण्यात भिजतो. त्या पेपरात विज्ञानाचेही प्रश्न असतात. आर्ट्सवाल्यांनी त्यासाठी दहावीपर्यंतची विज्ञानाची पुस्तकं पुन्हा काढावीत.

त्यातही भूगोलाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे या विषयाला कुणी विचारत नाही. भूगोलाच्या प्रॅक्टिकलला भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे वाचायला शिकवतात. समोच्च रेषा बघून टेकडी कुठे चढी आहे, नाला कुठून वाहतो, गावातून रस्ता कसा निघतो, हे कागदावरून सांगायचं. फौजेत तरुण अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून हेच करायचं असतं: नकाशा हातात, माणसं मागे, आणि अंधारात ठरलेल्या ठिकाणी पोहोचायचं. एसएसबीतल्या गटचाचणीतही जमिनीवर मांडलेल्या प्रदेशाची प्रतिकृती दाखवून योजना आखायला लावतात. नकाशाची सवय असलेला मुलगा तिथे गोंधळत नाही.

संरक्षणशास्त्र हा विषयही महाराष्ट्रातल्या काही कॉलेजांत आहे, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. आवड असेल तर जरूर घ्यावा. पण 'संरक्षणशास्त्र घेतलं की फौजेत लवकर घेतात' असं जे काही क्लासवाले सांगतात ते खोटं आहे. तसंच मानसशास्त्राचं. एसएसबीत मानसशास्त्रीय चाचण्या असतात म्हणून मानसशास्त्र घेणं म्हणजे रक्त तपासायचंय म्हणून पॅथॉलॉजी शिकण्यासारखं.

कॉमर्स आपल्या व्यापारी घरांत आधीच रुजलेलं आहे. ज्याला अकाउंट्स कळतात त्याने बीकॉम करावं. वेळ उरतो, गुण पडतात आणि पुढचे रस्ते खुले राहतात. फक्त अकाउंट्सच्या क्लासमध्ये सगळी संध्याकाळ घालवायची नाही. बीएस्सीत प्रॅक्टिकलच्या वेळा आणि परेडच्या वेळा एकमेकींना आडव्या येतात, म्हणून प्रवेशाआधी कॉलेजचं वेळापत्रक बघा, एनसीसीच्या अधिकारी सरांना भेटा. गणित किंवा संख्याशास्त्र आवडीने करणारा असेल तर प्रश्नच नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. मालेगाव, भिवंडी, कोकण, मराठवाडा, सगळीकडे आपली मुलं दहावी-बारावीपर्यंत उर्दूतून शिकतात. त्यांनी उर्दू विषय घेऊन बीए करायला काहीच हरकत नाही, गुण चांगले पडतात. पण जोडीला इंग्रजी हा विषय पक्का घ्यावा. सीडीएसला इंग्रजीच्या पेपरातून सुटका नाही. एसएसबीच्या लेखी चाचण्या हिंदीतून लिहिता येतात, गटचर्चेत मोडकंतोडकं इंग्रजी बोललं तरी कुणी हसत नाही, पण पुढे अकादमीत शिकवणी इंग्रजीतच असते. तीन वर्षं रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचलं तरी जीभ वळते.

इंजिनीअरिंगच्या मी विरोधात नाही. ज्याचं डोकं यंत्रात खरंच रमतं त्याच्यासाठी त्यात मोठा फायदा आहे: लष्कराच्या टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सला आणि शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल एंट्रीला लेखी परीक्षाच नाही, आणि वयही २७ पर्यंत चालतं. पण एसएसबीला बोलावणं येतं ते पदवीच्या टक्क्यांवरून. शाखेनुसार कटऑफ लागतो. म्हणजे केट्या काढत काढत पास झालेल्याला हा दरवाजा दिसतो, उघडत नाही. नौदलात जायचं असेल तर इंजिनीअरिंगचं वजन आणखी जास्त.

मुक्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त पदवी चालते. घरची परिस्थिती अशी असेल की मुलाला दुकानात बसावंच लागतं, तर तो रस्ता आहे. फक्त तिथे एनसीसी आणि कॉलेजचं मैदान मिळत नाही, ती उणीव स्वतः भरून काढावी लागते.

मुलाखतीत विषय विचारतात

सोपा विषय घेऊन तीन वर्षं झोपा काढल्या तर ते एसएसबीत उघडं पडतं. तिथे एक फॉर्म भरून घेतात. दहावीपासूनचे गुण, विषय, खेळ, एनसीसी, घरची माहिती, सगळं त्यात असतं. मुलाखत घेणारा अधिकारी तो समोर ठेवून एका दमात दहा प्रश्न विचारतो: कोणत्या वर्षी किती गुण, कमी का पडले, आवडते शिक्षक कोण, हा विषय का घेतला. 'मित्राने घेतला म्हणून' हे उत्तर रोज ऐकून त्यांचे कान किटलेले असतात. 'मला फौजेत यायचं होतं, तयारीला वेळ हवा होता आणि भूगोल मला आवडायचा' हे उत्तर चालतं, खरं असेल तर. पण त्यापुढचा प्रश्न भूगोलाचा असतो. इतिहासवाल्याला आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगता आला नाही, कॉमर्सवाल्याला बजेटमधलं काही कळलं नाही, तर सगळं फुसकं ठरतं.

पदवी आणि शाखा यांचा फारसा संबंध नसतो याचं उदाहरण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी जीवरसायनशास्त्रात एमएस्सी केलं. १९९९ मध्ये चेन्नईच्या ओटीएतून कमिशन मिळालं ते सिग्नल कोअरमध्ये. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या आणि फौजेची संदेशवहन यंत्रणा, काय संबंध? काही नाही. २०१६ मध्ये पुण्यात १८ देशांचा युद्धसराव झाला तेव्हा भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं. काश्मीरमध्ये पंधराव्या कोअरचं नेतृत्व केलेले लेफ्टनंट जनरल सय्यद अता हसनैन हेसुद्धा दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजातून शिकून मग आयएमएत गेले.

मुलींच्या पालकांना एक विनंती. सीडीएसमधून ओटीएचा, एनसीसी एंट्रीचा, एएफकॅटचा आणि जॅगचा रस्ता मुलींना खुला आहे. २०२२ पासून एनडीएत मुली आहेत आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. या बहुतेक रस्त्यांना उमेदवार अविवाहित असण्याची अट आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आलेली स्थळं दोन-तीन वर्षं थांबवता आली नाहीत तर बाकीची सगळी तयारी फुकट जाते. मुलीची पदवी निवडतानाच घरात हे बोलून घ्या.

नाही झालं तर?

दुल्हाभाईंचा मुद्दा चुकीचा नव्हता, हे सांगायला हवं. सीडीएसच्या एका परीक्षेत साडेचारशेच्या आसपास जागा असतात आणि अर्ज लाखांत येतात. बहुतेकांची निवड होत नाही, हे गणित आहे. म्हणून पदवी अशी हवी की निवड झाली नाही तरी हातात काही राहील. भूगोलवाला एमपीएससी, यूपीएससी देऊ शकतो, बीएड करू शकतो. बीकॉमवाल्याला बँक आहे. सीडीएससाठी केलेलं इंग्रजी, गणित आणि सामान्य ज्ञान पोलीस उपनिरीक्षकापासून केंद्रीय दलांतल्या असिस्टंट कमांडंटपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतं. नोकरी-धंदा करता करता बेचाळिसाव्या वर्षापर्यंत टेरिटोरियल आर्मीत अधिकारी होण्याचा प्रयत्नही करता येतो.

आणि झालं तरी पदवी संपत नाही. ओटीएतून मिळणारं शॉर्ट सर्व्हिस कमिशन दहा वर्षांचं असतं, वाढवून चौदा. कायम कमिशन मिळालं नाही तर पस्तीस-अडतीसच्या वयात बाहेर पडावं लागतं, आणि पेन्शनला वीस वर्षांची नोकरी लागते. तेव्हा मुलाच्या हातात पुन्हा तीच पदवी असते, अनुभवाच्या जोडीने. नुसता कागद म्हणून घेतलेली पदवी त्या वेळी कामाला येत नाही.

विषय ठरवण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा असतो आणि घरात कुणाला माहीत नसतो. गुडघे आपटणं, सपाट तळवे, कानाचा पडदा, दात, हेही चांगल्या डॉक्टरला दाखवा. काही गोष्टी वेळेत उपचार केले तर सुधारतात, काही नाहीत. तीन वर्षांनी मेडिकल बोर्डासमोर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आणि पैशांचं. लाखभराच्या क्लासची पाटी बघून घाबरू नका. नाशिकरोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएसची लेखी पास झालेल्या किंवा एनसीसी 'सी' सर्टिफिकेटवाल्या महाराष्ट्रातल्या उमेदवारांना तिथे एसएसबीची तयारी मोफत करून घेतात, राहणं-जेवण धरून. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. बहुतेक वेळा ते कलेक्टर कचेरीच्या आसपासच असतं. पहिल्यांदा एसएसबीला जाणाऱ्याला रेल्वेचं भाडंही परत मिळतं. आयएमए, ओटीएत शिकायला फी नाही. उलट प्रशिक्षणातच महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. हा आकडा ऐकल्यावर दुल्हाभाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा विचारला.

धाकट्याने भूगोल घेतला, मायनर इंग्रजी. कॉलेज निवडलं ते एनसीसीचं युनिट बघून, घरापासून बसने चाळीस मिनिटं. परवा फोन आला होता, थोरल्याचा. म्हणाला, "मामू, छोट्याला सकाळी पाचला कुणीतरी उठवायला लागतं ना? मी रोज पुण्याहून फोन करतो."